ग्रहणातली सुई आणि मानेवरची गाठ

«डॉक्टरबाई, नमस्कार. मी कोल्हापुरात कसबा बावड्यात राहते, वय ५८. मुलगा साखर कारखान्यात आहे, सून घरी शिवणकाम करते. नात सहा महिन्यांची झाली. जन्मली तेव्हाच मानेला डाव्या बाजूला जरा फुगीर होतं, आम्हाला वाटलं बाळसं आहे. गेल्या महिन्यात सर्दी-ताप आला आणि दोन दिवसांत लिंबाएवढी गाठ झाली. हाताला मऊ लागते. पोरगी रडत नाही, दूध पिते. सोनोग्राफीत ‘सिस्टिक हायग्रोमा’ लिहून आलं, मोठ्या डॉक्टरांनी ‘लिम्फँजिओमा’ सांगितलं. एमआरआय करा, मग गाठीत ब्लिओमायसिनचं इंजेक्शन देऊ म्हणाले. मुलानं मोबाईलवर बघितलं तर ते औषध कॅन्सरचं निघालं. घरात कुणाला जेवण जाईना. शेजारीण म्हणते ही गंडमाळ आहे, डोंगरातल्या एका गावात पाला बांधतात, तीन अमावास्यांत विरघळते. व्याही म्हणतात सरळ कापून टाका.

खरं सांगू का, माझी झोप उडाली ती वेगळ्याच कारणानं. गेल्या वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ग्रहण होतं. सुनेला सातवा महिना. सुई-कात्रीला हात लावू नको म्हणून बजावलं होतं. गिऱ्हाइकाचा ब्लाउज द्यायचा होता म्हणून तिनं रात्री बसून हुक लावले. गाठ दिसली तेव्हा मी चार माणसांत बोलून गेले, ‘ग्रहणात सुई टोचलीस, त्याची ही फळं.’ तेव्हापासून ती कामापुरतं बोलते. खरंच त्यानं झालं का? गाठ आपोआप जाईल का? पोरीची जात, मानेवर व्रण राहिला तर? आणि जोतिबाला जावळ काढायचं राहिलंय, न्यावं का? – एक आजी»

आक्का,

झोप उडवणारा प्रश्न आधी घेते. नाही, सुईनं झालेलं नाही.

ते ग्रहण मलाही आठवतं. ७ सप्टेंबर २०२५, रविवार, खग्रास चंद्रग्रहण. तुमच्या सुनेला तेव्हा सातवा महिना होता. आता हिशेब करा. बाळाच्या मानेतल्या ज्या नळ्यांमध्ये ही गडबड झाली, त्या नळ्यांची मांडणी गर्भाच्या सहाव्या ते नवव्या आठवड्यात होते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम महिना झालेला असतो. तुमच्या सुनेला तेव्हा फार तर मळमळ सुरू झाली असेल, तुम्हाला गोड बातमीसुद्धा कळली नसेल. जे व्हायचं ते तेव्हाच होऊन गेलं होतं. त्यानंतर चार-साडेचार महिन्यांनी ब्लाउजला लावलेला हुक मागं जाऊन काय टोचणार?

आणि ग्रहण दुसऱ्या महिन्यात असतं तरी माझं उत्तर हेच राहिलं असतं. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, पोटातल्या पोरावर नाही. मी पस्तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डाशेजारी काढली. ग्रहणाच्या रात्री सिझेरियन थांबत नाही. पोटुशी नर्स सुया भरते, पोटुशी डॉक्टर टाके घालते. त्यांची पोरं आता कॉलेजात आहेत.

मग झालं तरी काय? खरचटल्यावर रक्त थांबलं की वरून पातळ, पिवळसर लस पाझरते, ती बघितली असेल तुम्ही. ती लस, म्हणजेच लसिका, सगळ्या अंगात असते. रक्तवाहिन्यांतून थोडंथोडं पाणी सतत बाहेर झिरपत असतं. ते गोळा करून परत रक्तात आणून सोडायला शरीरात बारीक नळ्यांचं जाळं आहे. त्यांना लसिकावाहिन्या म्हणतात. मोठ्या माणसात दिवसाला दोन-तीन लिटर लस अशी परत येते, आणि तिचा मोठा लोट मानेच्या बुडाशी, डाव्या बाजूला, मोठ्या शिरेत येऊन मिळतो.

तुम्ही बावड्याच्या, म्हणजे राजाराम बंधारा तुमच्या पायाखालचा. शेतातलं जादा पाणी चरातून ओढ्याला आणि ओढ्यातून पंचगंगेला जातं. समजा, एखाद्या शेताचे चर खणले पण ते ओढ्याला जोडायचेच राहिले. पाणी झिरपत राहणार, जायला वाट नाही, मग त्या कोपऱ्यात तळं साठणार. तुमच्या नातीच्या मानेत असंच तळं साठलंय. गर्भात काही नळ्या मुख्य जाळ्याला जोडल्या गेल्या नाहीत, किंवा जोडल्या गेल्या त्या वेड्यावाकड्या. त्या फुगून त्यांच्या पिशव्या झाल्या आणि पिशव्यांत लस भरली. अलीकडच्या अभ्यासात या पिशव्यांच्या पेशींत पीआयके३सीए नावाच्या जनुकातला बदल सापडतो. हा बदल गर्भ वाढताना एखाद्याच पेशीत आपसूक होतो आणि तिच्यापासून झालेल्या पेशींपुरताच राहतो. आईच्या रक्तातून येत नाही, बापाच्याही नाही. तेव्हा ‘कुणाच्या घराण्यातून आलं’ हा वादही व्याह्यांशी घालू नका. पुढच्या बाळाला हे होण्याची भीती इतर कुठल्याही घराइतकीच, म्हणजे अगदी थोडी. पुस्तकांत साधारण दोन ते चार हजार जन्मांमागे एक असं प्रमाण देतात. यातली दहापैकी नऊ मुलांची गाठ दुसऱ्या वाढदिवसाच्या आत दिसते. निम्म्याअधिक गाठी मानेवर आणि तोंडाच्या आसपास असतात, त्याखालोखाल काखेत.

गरोदरपणातल्या सोनोग्राफीत का दिसली नाही, असं तुमच्या मुलाच्या मनात येत असेल. तळं लहान असताना ते नजरेतून सुटतं, आणि काही तळी जन्मानंतरच भरतात. यात लगेच कुणाची चूक शोधू नका.

आता नावांचा घोळ. सोनोग्राफीवाले ‘सिस्टिक हायग्रोमा’ लिहितात, जुने सर्जन ‘लिम्फँजिओमा’ म्हणतात, आणि एमआरआयचा कागद येईल त्यावर बहुतेक ‘लिम्फॅटिक मालफॉर्मेशन’ असेल. तीन आजार झाले म्हणून घाबरू नका. शेवटचं नाव आता जास्त बरोबर मानतात, कारण त्यात ‘रचनेतला दोष’ असा सरळ अर्थ आहे. ‘ओमा’ शेपूट दिसलं की लोकांना कॅन्सरच आठवतो. पण आपल्याकडच्या कुठल्याही तालमीत जा, एखाद्या म्हाताऱ्या वस्तादाच्या पाठीवर चरबीची गाठ असतेच. तिचं नाव लायपोमा. तीही ‘ओमा’च, आणि ती घेऊन माणूस चाळीस वर्षं लाल मातीत लोळतो. नातीची गाठ कॅन्सर नाही, आणि तिचा पुढं कॅन्सर होत नाही.

गंडमाळेचं म्हणाल तर शेजारणीला ती कशी असते हे ठाऊक नाही. गंडमाळ म्हणजे टीबीच्या गाठी. त्या हाताला टणक लागतात, एकमेकींना चिकटून ओळीनं येतात, पुढं फुटून वाहतात. तुमच्या नातीची गाठ पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी मऊ आहे. आम्ही अशा वेळी एक साधी गोष्ट करतो. खोलीतला दिवा बंद करायचा आणि बॅटरी गाठीला टेकवायची. मी नवीन होते तेव्हाची एक आई मला अजून आठवते. भारनियमनाचे दिवस, संध्याकाळची ओपीडी, वीज गेलेलीच. मी टॉर्च बाळाच्या मानेला लावला आणि ती अख्खी गाठ केशरी-गुलाबी उजळली, दिवाळीतला आकाशकंदील पेटावा तशी. आत एक बारीक पडदा आडवा दिसत होता. आईनं आधी तोंडावर हात ठेवला, मग वाकून नीट बघितलं आणि म्हणाली, ‘आत नुसतं पाणीच हाय की हो.’ त्यानंतर तिला फारसं समजवावं लागलं नाही. टीबीची गाठ अशी उजळत नाही. अर्थात नुसत्या टॉर्चवर निदान करायचं नसतं. तुमच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, एमआरआय सांगितला, ते बरोबरच केलं.

एमआरआय का, तेही सांगते, कारण इथं पैसे वाचवावेत असं घरोघरी वाटतं. पुढचं सगळं ठरतं ते तळी मोठी आहेत की बारीक, यावर. साधारण दोन सेंटिमीटरच्या वरची मोजकी मोठी तळी असतील तर ती सुईला सापडतात आणि इंजेक्शननं चांगली बसतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक, हजार खणांची असतील, जिभेत किंवा गालात पसरलेली असतील, तर इंजेक्शनचा जोर कमी पडतो आणि वेगळा विचार करावा लागतो. काही मुलांत दोन्ही मिसळून असतात. शिवाय गाठ वरून लिंबाएवढी दिसली तरी खाली श्वासनळीमागं किंवा छातीत उतरली आहे का, हे बोटांना कळत नाही. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. फक्त बाळ बराच वेळ अजिबात हलता कामा नये, म्हणून झोपेचं औषध किंवा भूल देतात. इथं तुमच्यासारख्या आज्यांना मी हात जोडून एक सांगत आले. भूलवाल्या डॉक्टरांनी जितके तास उपाशी ठेवायला सांगितलंय, तितके तास पोरगी कितीही रडली तरी चोरून चमचाभर दूधसुद्धा पाजू नका. भुलीत उलटी झाली की दूध फुफ्फुसात जातं. माझ्या समोर असं एकदा होता होता वाचलंय. ‘एवढंसं तर दिलं’ म्हणणारी आजीच होती.

गाठ आपोआप जाईल का? तुमच्या ओळखीत कुणाच्या पोराची लाल, स्ट्रॉबेरीसारखी गाठ दोन-तीन वर्षांत विरली असेल. ती रक्तवाहिन्यांची गाठ, हिमँजिओमा. ती पहिल्या वर्षात वाढते आणि मग बहुतेक वेळा ओसरते. लसिकेची गाठ बहुधा तशी जात नाही, मुलाबरोबर वाढत राहते. मोठ्या तळ्यांपैकी काही आपोआप बसलेली डॉक्टरांनी पाहिली आहेत, त्यामुळे गाठ छोटी असेल, कशाला अडत नसेल, तर काही महिने नुसतं लक्ष ठेवणं हाही रीतसर उपचार आहे. डॉक्टर ‘थांबू’ म्हणाले तर त्यांना काही येत नाही असं समजू नका. तुमच्या नातीची मात्र एकदा फुगून झाली आहे आणि पावसाळा तोंडावर आहे. घरात सर्दी-खोकला फिरणार. सर्दी झाली, घसा आला, की लसिकेचं काम वाढतं आणि तळं भरतं. म्हणून ती दोन दिवसांत लिंबाएवढी झाली. सर्दी उतरल्यावर थोडी लहान झाली का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. झाली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता त्या इंजेक्शनकडं येते. यातली गोष्ट मला फार आवडते. मुलाला गाठीत जंतुसंसर्ग झाला आणि तो बरा झाला, की कधीकधी गाठच आक्रसते, हे सर्जन लोकांच्या पूर्वीपासून ध्यानात आलं होतं. सूज येते, पिशवीच्या आतल्या भिंती चिडतात आणि एकमेकींना चिकटतात. मग तीच सूज आपण मुद्दाम, मोजून-मापून का आणू नये? १९८७ साली जपानच्या ओगिता यांनी ओके-४३२ नावाचं औषध, म्हणजे निर्धोक केलेले स्ट्रेप्टोकॉकस जंतू, गाठीत टोचून हे करून दाखवलं. आज वेगवेगळी औषधं वापरतात. डॉक्सिसायक्लिन हे साधं अँटिबायोटिकही त्यात आहे. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी ब्लिओमायसिन देतात.

हो, ब्लिओमायसिन कॅन्सरमध्येही देतात. मुलानं मोबाईलवर वाचलं ते खोटं नाही, अर्धं आहे. जपानच्याच हमाओ उमेझावा यांनी ते १९६० च्या दशकात मातीतल्या जंतूपासून शोधलं. कॅन्सरमध्ये ते शिरेतून, मोठ्या डोसात, पुन्हापुन्हा जातं. इथं ते वजनावर मोजलेल्या थोड्या डोसात पिशवीतच सोडतात. एकच विळा ऊस तोडायला चालतो आणि जनावरांचा पाला कापायलाही, म्हणून पाला काही ऊस होत नाही. धोका अजिबात नाही असं मात्र मी म्हणणार नाही. या औषधाचा एकूण डोस वाढत गेला तर फुफ्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून दर वेळी किती दिलं ते फाइलवर लिहून घ्या आणि ती फाइल सांभाळा. उद्या दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरकडं जायची वेळ आली तर हाच आकडा ते आधी विचारतील. दुसरी गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. हे औषध दिल्यावर अंगावर चिकटपट्टी लावून खसकन ओढली, किंवा त्वचा खाजवली-घासली गेली, की तिथं काळपट पट्टे उठतात आणि ते काही वेळा कायमचे राहतात. मॉनिटरच्या चिकट चकत्या काढतानाही सावकाश काढायला सांगा. तुम्हाला व्रणाची काळजी आहे ना, मग हे पक्कं ध्यानात ठेवा.

प्रत्यक्षात होतं असं: भूल देऊन, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई पिशवीत घालतात, पिवळसर पाणी ओढून घेतात आणि औषध सोडतात. लगेच गाठ गेली असं होत नाही. उलट पहिले काही दिवस ती सुजून आधीपेक्षा मोठी दिसते, थोडा ताप येतो. इथंच घरचे घाबरून ‘बिघडवलं पोरीला’ म्हणत दुसरीकडं पळतात. ती सूज येण्यासाठीच तर हा खटाटोप असतो. आक्रसायला काही आठवडे लागतात. परिणाम बघून पुढची खेप ठरते, बहुधा एकापेक्षा जास्त खेपा लागतात, मध्ये महिना-दीड महिना जातो.

नुसतं पाणी काढून टाकलं तर? काढलेलं पाणी काही दिवसांत परत भरतं, कारण झिरपणं थांबलेलं नसतं. वर सुईवाटे जंतू आत गेले तर पू होतो. श्वास अडकलाय आणि तातडीनं जागा करायची आहे, अशी वेळ सोडली तर नुसतं पाणी काढण्यात अर्थ नाही.

व्याह्यांचं ‘कापून टाका’ एका परीनं चूक नाही. एका जागी असलेली, मोठ्या पिशव्यांची गाठ चांगल्या हातात पूर्ण निघते आणि प्रश्न एका दिवसात मिटतो. पण ही गाठ लिंबासारखी सुटी नसते. ती मानेतल्या शिरांना, नसांना वेटोळं घालून बसते. वडाच्या पारंब्या जुन्या भिंतीत शिराव्यात तशी. जबड्याखालून चेहऱ्याच्या नसेची एक बारीक फांदी जाते. ती दुखावली की खालचा ओठ एका बाजूला ओढला जातो आणि पोर हसलं की तोंड वाकडं दिसतं. नस वाचवायला म्हणून पिशवीचा तुकडा मागं ठेवला तर तिथून गाठ पुन्हा येऊ शकते. सहा महिन्यांच्या मुलीत, मोठी तळी निघाली तर, मी आधी इंजेक्शनच करून बघेन. उरलंसुरलं पुढं कापता येतं, तेव्हा ते लहानही झालेलं असतं. इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया दोन्हीला दाद न देणाऱ्या, फार पसरलेल्या गाठींसाठी सिरोलिमस नावाचं तोंडानं घ्यायचं औषधही आता देतात. त्यात रक्ताच्या तपासण्या आणि लसीकरणाचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. तुमच्यावर ती वेळ आलेली नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

पाल्याबद्दल मी सौम्य बोलणार नाही. पाला बांधणारे, डाग देणारे, दाभणानं फोडणारे, सगळ्यांची पोरं शेवटी आमच्याकडं येतात. भाजलेली कातडी, आत पू, शंभरावर चार ताप. तीन अमावास्या म्हणजे तीन महिने. तेवढ्यात सर्दी उतरून गाठ जराशी कमी झाली की श्रेय पाल्याला जातं, आणि वाढली की दोष पथ्याला. नका नेऊ.

घरात मात्र एक काम आजच करा. पत्र वाचून होताच नातीच्या गळ्यात काळा दोरा किंवा ताईत असेल तर तो काढा. तुम्ही लिहिलं नाहीत, पण असणारच. गाठ रात्रीत फुगली तर दोरा आत रुतेल. पायात बांधा, मी काही म्हणणार नाही. न्हाऊ घालणाऱ्या बाईंना सांगा, अंगभर तेल लावा पण गाठ चोळायची नाही, दाबायची नाही, ‘जिरवायची’ नाही. शेक-शेगडी त्या बाजूला नको. दर महिन्याच्या एकाच तारखेला, एकाच खिडकीपाशी, मान त्याच बाजूला वळवून फोटो काढून ठेवा. सुनेकडं शिवणाची टेप आहेच, गाठीवर ती आडवी धरून माप लिहा. माझ्या अनुभवात डॉक्टरला ‘जरा वाढली वाटते’ या वाक्यापेक्षा सहा फोटो फार उपयोगी पडतात. लसीकरण चुकवू नका, नवव्या महिन्याची गोवर-रुबेला लस जवळ आलीय. गाठ आहे म्हणून नेहमीची कुठलीही लस थांबवायची नसते.

दर पावसाळ्यात आपण राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघतो. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. तसंच नातीचं धरा. गाठ लाल झाली, गरम लागते, ताप आहे, हात लावला की रडते, तर संसर्ग झालाय. एकाएकी जांभळी-निळी आणि टणक झाली, तर आत रक्त उतरलंय. हा इशारा झाला, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्वास घेताना घर्र-घर्र किंवा शिट्टीसारखा आवाज येतो, छातीच्या फासळ्या आत ओढल्या जातात, दूध गिळवत नाही, लाळ गळत राहते, जीभ सुजून बाहेर येते, ओठ निळसर दिसतात, यातलं काहीही दिसलं तर ती धोका पातळी. मग रात्रीचे दोन वाजलेले असोत, सकाळची वाट बघायची नाही. बावड्याहून सीपीआर, म्हणजे आपलं मोठं सरकारी रुग्णालय, काही लांब नाही. ओळखीच्या दवाखान्याला फोन लावत बसू नका, १०८ लावा किंवा रिक्षा काढा.

कुठं दाखवायचं? बालशल्यचिकित्सक हवेत, म्हणजे लहान मुलांचे सर्जन. कोल्हापुरात आणि मिरजेत ते आहेत. त्यांना दोन गोष्टी सरळ विचारा. अशी इंजेक्शनं तुम्ही सोनोग्राफीत बघून देता का, आणि भुलीनंतर गरज पडली तर लहान मुलांचं अतिदक्षता युनिट आहे का. दोन्हीला ‘हो’ असेल तर गाव सोडायची गरज नाही. गाठ खोल उतरलेली निघाली तर पुणं किंवा मुंबईचं वाडिया बालरुग्णालय आहे. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली की सकाळी मुंबईत. खर्चाचं म्हणाल तर अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्याकडं नातीची नोंद करा. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या जन्मजात दोषांसाठी तिथून पुढं पाठवतात. रुग्णालयात महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडं रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा आणि हा उपचार योजनेत बसतो का ते भरती होण्याआधी विचारा. बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

‘पोरीची जात’ हे तुम्ही लिहिलंत म्हणून एवढंच म्हणते: सहा महिन्यांच्या लेकीच्या लग्नाची काळजी करायला अजून वीस-पंचवीस वर्षं आहेत, आणि इंजेक्शनचा व्रण बघायला तोवर भिंग लागेल.

राहिली सून. तुम्ही मला लिहिलंत तेच तिला सांगा, आणि चार माणसांत बोलला होतात तर सांगतानाही चार माणसं असू द्या. ‘डॉक्टरबाई म्हणाल्या, गाठ दुसऱ्या महिन्यातलीच होती, मी उगाच बोलले.’ एवढं पुरे. त्या रात्री ती गिऱ्हाइकाला दिलेल्या शब्दासाठी बसली होती, हेही बोलून दाखवा. आणि एमआरआयच्या दिवशी तिच्याबरोबर तुम्हीच जा. उपाशी रडणारं पोर चार तास खांद्यावर घेऊन फेऱ्या घालायला दोन बायका लागतात.

जावळाला खुशाल न्या. पहिल्या इंजेक्शनची तारीख मिळाली असेल तर त्याच्या आधी उरकून घ्या, नंतरच्या सुजेच्या दिवसांत नको. घरात कुणाला सर्दी नसताना, रविवारची गर्दी टाळून, सकाळी लवकर जा. गुलाल पायाला लावा, तोंडावर उधळू देऊ नका. न्हाव्याला आधीच गाठ दाखवा, वस्तरा डाव्या कानाखाली उतरवू नको म्हणावं, तेवढे केस राहिले तरी देव रागावत नाही. आणि मामा मांडीवर घेऊन डोकं धरेल, तेव्हा त्याचा डावा हात पोरीच्या कानामागं असू दे, मानेवर नको.